माणसाची ओळख इंग्रजीत लिहिताना: 'हू', 'दॅट' आणि स्वल्पविराम

सोलापुरात टॉवेल-चादरींच्या निर्यातीत नोकरी करायची तर ई-मेल चुकत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात मी परदेशी खरेदीदारांचा पत्रव्यवहार बघतो, आणि नवीन आलेली मुलंमुली माझ्या शेजारी बसून तो शिकतात. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं असतं. काळ, क्रियापदं त्यांना बरी येतात. गाडी अडते ती कोण माणूस हे सांगताना. 'काल फोन केलेले साहेब', 'पॅकिंग बघणाऱ्या मॅडम' अशांबद्दल तर आम्हाला रोज लिहावं लागतं.

मराठीत वर्णन आधी, माणूस मागून. इंग्रजीत आधी माणूस, त्याला चिकटून 'हू', मग माहिती: 'द जेंटलमन हू कॉल्ड यस्टरडे वॉन्ट्स सॅम्पल्स'. आपल्याला 'ज्यांनी फोन केला, त्यांना' अशा जोडीची सवय, म्हणून मुलं 'वॉन्ट्स'च्या आधी आणखी एक 'ही' घालतात. तो काढून टाका. 'द बायर हू आय मेट हिम' यातला 'हिम'ही तसाच जास्तीचा. 'हू'नंतरचं क्रियापद माणसाप्रमाणे बदलतं: 'द वुमन हू चेक्स', पण 'द विमेन हू चेक'.

माणसासाठी 'व्हिच' आजच्या इंग्रजीत चालत नाही. 'दॅट' चालतं, ते चूक आहे असं कुणी सांगितलं तरी घाबरू नका. ऑफिसच्या पत्रात मात्र मी 'हू'च लिहायला सांगतो, वाचणाऱ्याला ते अदबीचं वाटतं. 'हू' कर्म असताना वापरतात त्या 'हूम'च्या मागे फार लागू नये. रोजच्या लिखाणात 'द बायर आय मेट' इतकंच पुरतं, तिथे 'हू' गाळलेलाच बरा. 'द एजंट आय स्पोक टू' लिहिताना शेवटचा 'टू' तेवढा विसरू नका.

गाळायचं कधी? 'हू'नंतर लगेच क्रियापद आलं, तर 'हू' ठेवावाच लागतो. 'द मॅन कॉल्ड यस्टरडे इज हिअर' हे वाक्य उभंच राहत नाही. 'हू'नंतर 'आय', 'वी' किंवा दुसरं कुणी कर्ता म्हणून आलं, तर तो गाळता येतो. 'ज्याचा, जिची' यासाठी 'हूज': 'द सप्लायर हूज यार्न वी यूज'. अपॉस्ट्रॉफीवालं 'हूज' वेगळं, ते 'हू इज' किंवा 'हू हॅज' यांचं आखूड रूप.

आता स्वल्पविराम. माझ्या मते खरा जीव इथे आहे, आणि शाळेत यावरच सगळ्यात कमी वेळ जातो. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. 'डॉक्टर कोटणीस, हू वॉज बॉर्न इन सोलापूर, वेंट टू चायना इन १९३८.' नावावरूनच माणूस कळला, जन्मगाव ही वरची माहिती, म्हणून दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. अशा जागी 'दॅट' चालत नाही आणि 'हू' गाळताही येत नाही. पण ते ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यात पाच डॉक्टर होते. त्यांतले नेमके कोण हे सांगायचं, तर 'द डॉक्टर हू केम फ्रॉम सोलापूर' असं सलग लिहायचं. इथे वर्णन काढलं तर कोणता डॉक्टर हेच कळणार नाही.

आमच्या धंद्यात हा फरक महागात पडू शकतो. 'अवर वर्कर्स, हू आर ट्रेन्ड, विल पॅक युवर ऑर्डर' याचा अर्थ आमचे सगळे कामगार प्रशिक्षित आहेत. तेच स्वल्पविराम काढा, आणि अर्थ होतो की कामगारांपैकी जे प्रशिक्षित आहेत तेवढेच माल पॅक करतील. खरेदीदार साहजिकच विचारेल, मग बाकीचे? दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, म्हणून स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर इथे काही बोलेलच असं नाही. काय म्हणायचंय ते तुम्हालाच ठाऊक असतं.

मी मुलांना एकच तपासणी करायला लावतो. 'हू'पासूनचा तुकडा बोटाने झाका आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचा. माणूस तरीही ओळखू आला तर स्वल्पविराम द्या, 'कोणता?' असा प्रश्न उरला तर देऊ नका. आणि एकाच वाक्यात दुसरा 'हू' यायला लागला, की पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करा. परदेशातला वाचणारा घाईत असतो, त्याला दोन छोटी वाक्यंच सोयीची पडतात.