जनरेटर सुरू केला की घरी बनवलेली गाडी सरकते? मला लागू पडलेला उपाय

जनरेटर सुरू केला की तो ज्यावर ठेवला होता ती आमची लोखंडी अँगलची चाकांची गाडी थरथरत अंगणात सरकायची, नट ढिले व्हायचे. चाकांना विटा लावल्या, ब्रेकची चाकं बसवली, नट करकचून आवळले, उपयोग शून्य. फार वैताग आला होता.

शेवटी जनरेटर उतरवून चारही चाकं काढली. इंजिनाच्या जड बाजूखाली एकाच दांड्यावर दोन १० इंची हवेची चाकं बसवली. विरुद्ध बाजूला दोन पाय वेल्ड केले, गाडी लेव्हलमध्ये राहील एवढेच उंच. इंजिन कललं तर ऑइलची पातळी चुकते. पायांखाली जुन्या टायरचे तुकडे. मग जनरेटरचे मूळ रबरी बुश (थरथर शोषणारे रबराचे तुकडे) तसेच ठेवून, मोठे वॉशर घालून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सहज ढिले न होणारे) लावले. रबर जेमतेम दबेल इतकंच आवळायचं. पूर्ण चेपलं की थरथर थेट सांगाड्यात उतरते. हँडल पायांच्या बाजूला.

आता पूर्ण लोडवरही गाडी जागची हलत नाही.