गाडीचा आतला मिरर ढिला झालाय? गम लावायच्या आधी या चुका टाळा

मिरर हलायला लागला की आपल्याकडे पहिला उपाय एकच असतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून फेविक्विक आणायची आणि जिथे हलतंय तिथे ओतायची. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण बऱ्याच गाड्यांत प्रॉब्लेम गमचा नसतोच. मिरर ढिला व्हायच्या जागा तीन असतात, काचेवर किंवा छतावर जिथे तो बसवलाय ती जागा, तिथला स्क्रू, आणि मिररच्या मागचा बॉल जॉइंट, म्हणजे ज्या गोळीवर मिरर फिरतो तो सांधा. यातली कुठली हलतेय ते न बघता हात घातला तर पाच मिनिटांच्या कामापायी नवी काच टाकायची वेळ येते.

बघायचं कसं? गाडी बंद करा, मिररचा दांडा काचेजवळ दोन बोटांत घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मिरर हळूच हलवा. दांडा स्थिर आणि फक्त मिरर डुलतोय म्हणजे बॉल जॉइंट. दांडाच हलतोय पण काचेला चिकटलेला तो छोटा धातूचा तुकडा, ज्याला सगळे बटण म्हणतात, तो जागचा हलत नाहीये, म्हणजे स्क्रू ढिला आहे. आणि बटणच हलत असेल तर गाडीच्या बाहेर या आणि काचेतून बटणाची मागची बाजू नीट बघा, गम सुटायला लागला की तिथे चंदेरी चमक किंवा हवेचे फुगे दिसतात, कधी एका कडेने नखाएवढा पांढरट डाग पसरत आलेला असतो. तो दिसला की समजायचं, थोड्या दिवसांत मिरर खाली येणार.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे मिरर थरथरतोय पण ढिला नाहीये. सिग्नलला उभं असताना एसी चालू केला की मागचं सगळं धूसर आणि गाडी पळायला लागली की क्लिअर, असं होत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसलेलं असतं ते, तपासून घ्या. आणि मुंबई हायवेला ऐंशीच्या पुढे गेल्यावरच थरथर सुरू होत असेल, त्यात स्टिअरिंगही हलत असेल, तर व्हील बॅलन्सिंग करा, मिररला हात लावायची गरज नाही.

आता स्क्रूवाल्या गाड्या. दांड्याच्या बुडाशी एक बारका स्क्रू असतो, कधी सहा कोनी खाचेचा, म्हणजे ॲलन कीचा, कधी चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स. इथे चूक अशी की घरातला सापडेल तो स्क्रूड्रायव्हर खुपसून फिरवायचा, मग स्क्रूचं डोकं गोल होतं आणि पुढे काहीच करता येत नाही. बरोबर मापाची की घ्या, हार्डवेअरवाल्याकडे पूर्ण सेट मिळतो आणि तो घरात असलेला बरा. दुसरी चूक म्हणजे घट्ट बसावा म्हणून जीव खाऊन आवळणं. काही डिझाइनमध्ये हा स्क्रू बटणावर आणि पर्यायाने काचेवर दाब देतो, जास्त आवळला की काचेला तडा जातो आणि एकदा तडा गेला की आपल्या खड्ड्यांत तो वाढतच जातो. हाताला अडकल्यासारखं लागलं की थोडासा फिरवून थांबा.

जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या गाड्यांत मिरर काचेवर नसतो, वर छताच्या पट्टीत स्क्रूने बसवलेला असतो. तिथे चुड्या, म्हणजे स्क्रू बसतो ते आटे, गेले की लोक लांब स्क्रू ठोकतात. करू नका, आत केबिन लाइटची वायर असू शकते. लांबी तीच ठेवून किंचित जाड स्क्रू चालतो, नाहीतर गॅरेजवाल्याकडून चुडी नीट करून घ्या.

बॉल जॉइंटचं सांगायचं तर दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे त्यात ऑइल किंवा ग्रीस मारणं, कारण करकर आवाज येतोय म्हणून. अहो, तो जॉइंट घर्षणावरच थांबलेला असतो, तेल मारलं की उरलीसुरली पकडही जाते. दुसरी म्हणजे जॉइंटमध्ये गम सोडून तो कायमचा फिक्स करणं. घरात गाडी चालवणारे दोन-तीन जण असतील, एक उंच एक बुटका, तर पुढचा माणूस मिरर फिरवायला जोर लावणार आणि तो तुटणारच. आणि मिरर थोडा हलता, वेळ आली तर निसटणारा असावा यामागे कारण आहे, अपघातात डोकं आपटलं तर तो मागे वळला किंवा निघून आला पाहिजे. म्हणून एमसील लावून त्याचा दगड करणं हे मला तरी धोक्याचंच वाटतं. जॉइंटला आवळायचा स्क्रू असेल तर थोडा आवळा, नसेल आणि आतला बॉल झिजला असेल तर सरळ मिरर बदला, साधा मिरर काही महाग येत नाही.

आता ज्यांचं बटणच निघून आलंय त्यांच्यासाठी, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

फेविक्विकसारखा इन्स्टंट गम लगेच पकडतो खरा, पण तो कडक आणि ठिसूळ होतो. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, गाडी दुपारभर सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत उन्हात उभी असते, आतली काच हाताला चटका देईल इतकी तापते, संध्याकाळी एसी लावला की तीच काच पटकन गार होते. धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, ठिसूळ गमला ते झेपत नाही, वर रस्त्याची थरथर आहेच. शिवाय या गमची वाफ काचेवर बसून पांढरा ढग तयार होतो. डबल साइड टेप तर उन्हात मऊ पडून मिरर हळूहळू खाली सरकतो. मिरर चिकटवायचा वेगळा गम मिळतो, ॲक्टिव्हेटर आणि गम अशा दोन भागांत, ऑनलाइन किंवा ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारा, तोच घ्या.

जुना गम न काढता त्यावरच नवा लावणं ही पुढची चूक, नवा गम काचेला नाही तर जुन्या थराला चिकटतो आणि त्याच्यासकट निघतो. काचेवरचा थर ओला करून ब्लेड आडवं, अगदी कमी कोनात धरून खरवडा. काचेच्या वरच्या भागात जी काळी ठिपक्यांची पट्टी असते तिथे मात्र ब्लेड जपून, ते प्रिंटिंग बऱ्याचदा आतल्या बाजूने असतं आणि खरवडलं तर खराब होऊ शकतं. बटणाची सपाट बाजू पॉलिश पेपरने घासा, लखलखीत व्हायची गरज नाही, खरबरीत झाली की बस. मग दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो, त्याचा थर राहतो. आणि पुसून झाल्यावर तिथे बोट लावू नका, हाताचा तेलकटपणा पुरेसा असतो सगळं वाया घालवायला.

जागा आधीच बाहेरच्या बाजूने टेप किंवा मार्करने आखून ठेवा. बटणाची वरची-खालची बाजू लक्षात ठेवा, बऱ्याच बटणांचं वरचं टोक अरुंद असतं आणि दांडा वरून खाली सरकत घट्ट बसतो, उलटं चिकटलं तर मिरर बसणारच नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर सगळ्यात बरं. काही गाड्यांत दांडा सरकवायचा नसतो, पाव फेरा फिरवून लॉक होतो, त्यामुळे अडलं तर जोर लावायच्या आधी गाडीचं मॅन्युअल बघा.

वेळ सकाळची निवडा, गाडी सावलीत. पण जानेवारीतली पहाट नको, तेव्हा काच गार पडून तिच्यावर दव असतं, पावसाळ्यातही काच कोरडी आहे ना ते बघा. ॲक्टिव्हेटर सुकू द्या, मग गमचा एकच थेंब, जास्त नाही. थर जितका पातळ तितकी पकड चांगली, बाजूने गम ओघळतोय म्हणजे जास्त झाला. बटण सरळ दाबा, सरकवू नका, साधारण मिनिटभर तसंच धरा. मिरर लगेच अडकवायची घाई तर अजिबात करू नका, पाकिटावर पंधरा-वीस मिनिटं लिहिलं असलं तरी मी म्हणेन रात्रभर राहू द्या. तोपर्यंत गाडी काढावीच लागली तर बाहेरचे दोन्ही मिरर नीट लावून घ्या, पण ते बऱ्याचदा फुगीर काचेचे असतात, मागचं वाहन असतं त्यापेक्षा लांब दिसतं. नाशिकच्या द्वारका चौकात लेन बदलताना किंवा कसारा घाटात मागून ट्रक येत असताना हा फरक डोक्यात ठेवा.

एवढं करूनही परत निघत असेल तर मिररला काय काय लटकतंय ते बघा. रुद्राक्षाची माळ, देवाचं लॉकेट, परफ्यूमची बाटली, वर क्लिप केलेला मोठा मिरर आणि त्यात डॅशकॅम. श्रद्धेबद्दल काही म्हणणं नाही, डॅशबोर्डवर गणपती बसवा ना, पण प्रत्येक स्पीडब्रेकरला ती माळ झोका घेते आणि तो सगळा झटका त्या बटणावर येतो. डॅशकॅम काचेवरच वेगळा लावा.

ऑटो डिमिंग, म्हणजे रात्री मागचा उजेड पडला की आपोआप काळपट होणारा मिरर असेल तर त्याला वायर आहे, मिरर लोंबकळत ठेवून गाडी चालवू नका, वायर तुटते. आणि नवीन गाड्यांत मिररच्या मागे कॅमेऱ्याचा डबा असतो तिथे घरी काहीच करू नका, कॅमेरा जरा हलला तरी कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा परत अचूक जुळवणं, करावं लागतं, ते सर्व्हिस सेंटरचंच काम. बटणासोबत काचेचा टवका निघाला असेल तरीही गम न लावता काचवाल्याकडे जा. काच बदलायची ठरलीच तर नव्या काचेवर बटण येणार की जुनंच काढून लावणार हे आधीच विचारून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी मिरर बसवून एक चक्कर मारा.