६१७४ चा प्रोग्राम लिहिताय? आधी शून्य सांभाळा

कोडिंग शिकताना गणिताच्या गमती करून बघायच्या म्हटलं की सगळे फिबोनाचीच्या संख्यामालिकेकडे धावतात. माझं ऐका, ६१७४ पासून सुरुवात करा. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना ही संख्या १९४९ मध्ये सापडली.

कृती माहीत असेलच. चार अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, वजाबाकी करा, पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. गणित कच्चं असलं तरी घाबरू नका, वजाबाकी येते ना?

प्रोग्राम जेमतेम दहा ओळींचा, पण गोम त्यातच आहे. १००० घ्या. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या लेखी ही तीन अंकी संख्या. तिची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, करून अंक लावले की ९९९ वजा ९९९, शून्य. पुढे शून्यातून शून्यच. लूपची, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाची, अट 'जोपर्यंत ६१७४ येत नाही' अशी असेल तर प्रोग्राम थांबतच नाही. एरर नाही, काही नाही. कर्सर लुकलुकत राहतो आणि आपण लॅपटॉपला शिव्या घालत बसतो. खरं उत्तर ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. स्ट्रिंगला झेडफिल(४) लावा, ते पुढे शून्यं जोडून चार अंक पुरे करतं, संपलं. माझा हात मात्र अजूनही व्हाईल लूपपाशी थबकतो.

वाईट भाग पुढे आहे. १००० ते ९९९९ मधल्या सारख्या अंकांच्या नऊ संख्या वगळल्या तर ८९९१ उरतात आणि त्यांतल्या फक्त ६८ या खड्ड्यात पडतात: १११२, २२२१, ७७७८ अशा. शंभर रँडम संख्या तपासल्या तर जवळजवळ निम्म्या वेळा त्यांतली एकही हाती लागणार नाही. म्हणून 'चार-पाच उदाहरणं बघितली, चालतंय' म्हणणाऱ्या मेंटॉरकडून शिकू नका, त्याची फी कितीही असो. सगळ्या ८९९१ चालवा. चहा गाळेपर्यंत होतं.

मग आलेख काढा. किती पायऱ्या लागल्या, त्याचा साधा बार चार्ट. सरासरी ४.७ च्या आसपास येते, म्हणून चार-पाचपाशी उंचवटा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तीनवर २१२४ संख्या, चारवर घसरून ११२४, आणि तिथून चढत सातवर १९८०. दोन शिखरं आणि मधे दरी. नुसती सरासरी छापणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

कारण शोधायचं तर वजाबाकी अक्षरांत मांडा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक क्रमाने लावल्यावर मधे येणाऱ्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. बाकी काहीच उरत नाही. त्यामुळे पहिल्याच पायरीत हजारो संख्या अवघ्या ५४ उत्तरांवर येतात. ही ५४ उत्तरं बाणांनी जोडून झाड काढा, तेही हाताने. कोडचं तयार नोटबुक डाउनलोड केलंत तर चित्र मिळेल, पण ५४ कुठून आले ते कळणार नाही.

जमलं की पाच अंकी घ्या. तिथे सगळ्यांना गिळणारी एकच संख्या नाही, तीन चक्रं आहेत. सगळ्यात छोटं ५३९५५ आणि ५९९९४ यांचं, उरलेली दोन चार-चार संख्यांची. लूपची जुनी अट तिथे कामाची नाही. आलेल्या संख्या सेटमध्ये, म्हणजे पायथॉनच्या संचात, साठवा आणि पुन्हा तीच आली की थांबा.