आकड्यांआधी अक्षरं वाचा

ब्रिटनमधल्या घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचं रेसकार्ड, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांची माहिती देणारं पत्रक, हातात आलं की घोड्याच्या नावाशेजारचे आकडे, म्हणजे आधीच्या शर्यतींतले त्याचे क्रमांक, डावीकडून उजवीकडे वाचा. सगळ्यांत उजवीकडचा सर्वांत ताज्या शर्यतीचा. खरी गंमत मधल्या अक्षरांत असते. 'एफ' म्हणजे घोडा स्वतः पडला, 'यू' म्हणजे जॉकी खाली आला, 'पी' म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. 'बी' मात्र माफ करावा: दुसऱ्या घोड्याच्या पडण्यामुळे हा आडवा झाला, त्याचा काय दोष? लागोपाठ दोन 'पी' दिसले तर मी तरी त्या घोड्याच्या वाटेला जात नाही. मग मैदान बघा. चेल्टनहॅमच्या रेसकोर्सचा शेवट चढाचा. त्यात चिखल असला की नुसता वेगवान घोडा दमतो. आधी ओल्या मैदानावर तगलेला शोधा.