टीसीपीडंपची ओळ कशी वाचायची

नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रॅमची खिडकी सर्व्हरवर उघडायची सोय नसते, तेव्हा टर्मिनलवर तेच काम करणारा टीसीपीडंप कामाला येतो. पॅकेट पकडायला एक आज्ञा पुरते. पडद्यावर सरकणाऱ्या ओळी अचूक वाचता येणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण निदान त्यांवरूनच होतं. (खालच्या आज्ञा आणि नमुने देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत टाकायचे. 'मोठा' असं म्हटलेलं नसेल तिथे अक्षर छोटं समजावं.)

सुरुवात अशी करा:

सुडो टीसीपीडंप -आय ईथ० -एनएन -सी २० 'टीसीपी पोर्ट ४४३'

-सी २० म्हणजे वीस पॅकेटं पकडून थांब. -आय नंतरच्या ईथ० च्या जागी आपल्या इंटरफेसचं, म्हणजे नेटवर्क जोडणीचं, नाव घाला. ते माहीत नसेल तर मोठ्या डी च्या पर्यायाने यादी मिळते. -एनएन विसरू नका. तो नसेल तर टीसीपीडंप प्रत्येक पत्त्याचं नाव डीएनएसला (नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेला) विचारत बसतो. ओळी अडखळत येतात आणि त्या चौकशीची पॅकेटंही आपल्याच कॅप्चरमध्ये घुसू शकतात. फिल्टर (वर 'टीसीपी पोर्ट ४४३') अवतरणात ठेवा, नाहीतर कंस आले की शेल मध्येच लुडबुड करतं. एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या टर्मिनलवरून, काम करत असाल आणि फिल्टर रुंद ठेवला असेल तर 'नॉट पोर्ट २२' जोडा. तसं न केल्यास पडद्यावरची प्रत्येक ओळ नवं एसएसएच पॅकेट तयार करते, त्याची पुन्हा ओळ छापली जाते आणि हे थांबतच नाही.

आता एक ओळ पाहू:

१३:४५:०२.११८२०४ आयपी १९२.१६८.१.५.५१५१४ > १९२.०.२.१०.४४३: फ्लॅग्ज [एस], सीक ३०१२३४५६७८, विन ६४२४०, ऑप्शन्स [एमएसएस १४६०, … डब्ल्यूस्केल ७], लेंग्थ ०

पहिली वेळ मायक्रोसेकंदापर्यंतची. पत्त्यातला पाचवा आकडा हा पोर्ट, आणि बाण पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे. चौकटी कंसातलं अक्षर सगळ्यात आधी बघावं: [एस] म्हणजे सिन (जोडणीची मागणी), [एस.] म्हणजे सिन आणि अ‍ॅक (पोच), नुसता टिंब म्हणजे फक्त अ‍ॅक, [पी.] म्हणजे डेटा पुढे ढकला, [एफ.] म्हणजे माझ्याकडून संपलं, [आर] म्हणजे रीसेट (जोडणी तोडा). अ‍ॅकचं चिन्ह हा टिंबच आहे. तो नजरेतून निसटला की अर्थ उलटा लागतो.

पहिल्या सिनवर सीक, म्हणजे बाइटांचा क्रमांक, हा भला मोठा आकडा दिसतो. हँडशेक (सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक ही सुरुवातीची देवाणघेवाण) झाला की टीसीपीडंप सोयीसाठी १ पासून मोजायला लागतो. 'सीक १:५१८, अ‍ॅक १, लेंग्थ ५१७' याचा अर्थ १ ते ५१७ हे बाइट पाठवले, पुढचा ५१८ वा असेल. समोरून 'अ‍ॅक ५१८' आला की ते पोहोचले. मूळ आकडेच हवे असतील, उदाहरणार्थ दोन यंत्रांवरचे कॅप्चर ताडून बघायचे असतील, तर मोठा एस वापरा. लेंग्थ हा फक्त टीसीपीच्या आतल्या डेटाचा आकार आहे, हेडर त्यात मोजलेले नाहीत.

विनवर, म्हणजे घेणारा एका वेळी किती बाइट घेऊ शकतो त्या खिडकीच्या आकड्यावर, बरेच जण फसतात. हँडशेकनंतर 'विन ५०२' दिसलं की खिडकी आक्रसली असं वाटतं. पण टीसीपीडंप हेडरमधला कच्चा आकडा छापतो. त्याच बाजूच्या सिनमध्ये डब्ल्यूस्केल (खिडकीचा गुणक) ७ होता, म्हणून ५०२ ला २ च्या सातव्या घाताने, म्हणजे १२८ ने गुणा: ६४२५६ बाइट. कॅप्चर उशिरा सुरू केलं आणि सिन हुकला, तर हा गुणक कळायला मार्गच उरत नाही. म्हणून टीसीपीडंप आधी चालू करा, जोडणी मग करा.

तक्रार 'कनेक्ट होत नाही' अशी असेल तर सिनकडे बघा. सिनला लगेच [आर.] आला तर यंत्रापर्यंत पोहोचलात, पण पोर्टवर कोणी ऐकत नाही; क्वचित मधलं फायरवॉलही असा रीसेट धाडतं. तोच सिन सुमारे १, मग २, मग ४ सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दिसत असेल आणि उत्तर नसेल, तर कोणीतरी पॅकेट गुपचूप टाकून देत आहे. हे अंतर मोजायला -टीटीटी द्या. प्रत्येक ओळीपुढे आधीच्या ओळीपासूनचा वेळ येतो. पुन्हा पाठवलेल्या पॅकेटवर वायरशार्क शिक्का मारतो, टीसीपीडंप मारत नाही. तोच सीक दोनदा आला हे आपणच टिपायचं.

ओळीत पॅकेट दिसतं ते कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) जिथे पकडलं तिथे जसं होतं तसं, तारेवरचं नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. लिनक्सवर येणारं पॅकेट आयपीटेबल्स या फायरवॉलच्या आधीच पकडलं जातं, म्हणून ते दिसलं तरी प्रोग्रॅमपर्यंत पोहोचलंच असं नाही. जाणारं पॅकेट फायरवॉलनंतर पकडलं जातं. तिथे अडवलेलं दिसणारच नाही. -व्हीव्ही लावल्यावर आपल्याच जाणाऱ्या पॅकेटांवर चेकसम (चूक पकडण्यासाठीची पडताळणीची बेरीज) 'इनकरेक्ट' दिसला तर घाबरू नका, ती बेरीज नेटवर्क कार्ड नंतर भरतं. १५०० च्या एमटीयूवर (एका पॅकेटच्या कमाल आकारावर) लेंग्थ ७२४० दिसणंही त्याच जातीचं: तुकडे पाडायचं काम कार्डावर सोपवलेलं असतं.

डीएनएसची ओळ वेगळी असते: '१२३४५+ ए? एक्झाम्पल.कॉम. (२९)'. १२३४५ हा प्रश्नाचा क्रमांक, अधिक चिन्ह म्हणजे रिकर्शनची (उत्तर शेवटपर्यंत शोधून देण्याची) मागणी, २९ हे बाइट. उत्तरात तोच क्रमांक आणि '१/०/०' अशी उत्तर, अधिकृत आणि जादा नोंदींची संख्या येते. नाव अस्तित्वात नसेल तर 'एनएक्सडोमेन' छापलं जातं.

कंट्रोल-सी दाबल्यावर येणाऱ्या तीन ओळी न वाचता पुढे जाऊ नका. 'ड्रॉप्ड बाय कर्नल' शून्य नसेल तर न दिसलेला अ‍ॅक कदाचित नेटवर्कवर होता, फक्त टीसीपीडंपला तो उचलता आला नाही. अशा वेळी पडद्यावर छापू नका. -डब्ल्यू ने फाइलीत लिहा आणि मोठ्या बी ने बफर वाढवा, उदाहरणार्थ ४०९६, म्हणजे ४ एमबी. फाइल नंतर -आर ने निवांत वाचता येते. सुडो असूनही लिहायला 'परमिशन डिनाइड' आलं, तर लिनक्सच्या काही डिस्ट्रोंमध्ये (आवृत्त्यांमध्ये) टीसीपीडंप रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार सोडून स्वतःच्या वेगळ्या युजरवर उतरतो हे कारण असतं. त्या युजरला लिहिता येईल असा फोल्डर द्या.