विटगेन्स्टाइन वाचताना अडलात? या चुका टाळा

रविवारी सकाळी रंकाळ्याला फेरी झाली की आम्ही पाच-सहाजण एकाच्या घरी जमतो आणि तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइनचं भाषेवरचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ वाचतो. पहिल्या भागात ६९३ परिच्छेद आहेत. वर्षभरात तीनशेच्या थोडं पुढं आलोय. पुष्कळदा अडलो, आणि बहुतेक वेळा वाचायची रीतच चुकलेली होती.

बोलतंय कोण, हे न पाहणं

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. लेखक मधेच एका शंकेखोराला बोलू देतो, कधी अवतरणचिन्हांत, कधी नुसत्या आडव्या रेघेनंतर. ते वाक्य त्याचंच मत समजून आपण वहीत उतरवतो, आणि चार ओळींनी तोच ते खोडून काढतो. शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडलेली विरोधकाची बाजू, ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लवकर उमगेल. फक्त पुढं ठसठशीत सिद्धांत येईल म्हणून वाट पाहू नका, पुष्कळदा तो येतच नाही. आम्ही समासात पेन्सिलीनं ‘शं’ आणि ‘वि’ लिहितो. ठरवता आलं नाही तर प्रश्नचिन्ह.

दोन पुस्तकांची सरमिसळ

त्याचं आधीचं पुस्तक ‘ट्रॅक्टेटस’ १९२१ साली जर्मनमध्ये छापून आलं, ‘इन्व्हेस्टिगेशन्स’ १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. पहिल्यात वाक्य म्हणजे वस्तुस्थितीचं चित्र. दुसऱ्यात तो हीच समजूत मुळापासून तपासतो. मधल्या काळात काही वर्षं तो ऑस्ट्रियातल्या खेड्यांत शाळामास्तर होता, मुलांसाठी त्यानं शब्दकोशही केला. ‘विटगेन्स्टाइन म्हणतो’ असं लिहिताना कुठल्या पुस्तकात म्हणतो, तेही लिहा.

‘भाषा-खेळ’ म्हणजे शब्दांची गंमत समजणं

दुसऱ्याच परिच्छेदात एक बांधकाम आहे. गवंडी हाक देतो, मदतनीस वस्तू आणून देतो. शब्द चारच: ठोकळा, खांब, लादी, तुळई. हाक आणि काम मिळून जे होतं, त्याला तो ‘भाषा-खेळ’ म्हणतो. आपल्याकडच्या एखाद्या बांधकामापाशी थोडा वेळ उभे राहा. गवंडी “माल!” म्हणतो आणि कालवलेल्या सिमेंटचं घमेलं वर जातं. मग मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना तोच ‘माल’ ऐका.

इथं मराठी वाचकाला एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. जर्मन ‘श्पील’मध्ये नाटकही बसतं, आणि आपणही ‘नाटकाचा खेळ’ म्हणतो. इंग्रजी ‘गेम’मध्ये ते येत नाही. म्हणून ६६वा परिच्छेद मराठी उदाहरणं घेऊन वाचा: खासबागेतली कुस्ती, पेठांच्या तालमींचा फुटबॉल, सागरगोटे, एकट्या पोरानं भिंतीवर चेंडू मारणं, नाटकाचा खेळ. या सगळ्यांत समान असं एकच काय, ते शोधा. धागे सापडतात, पण सगळ्यांतून जाणारा एक धागा सापडत नाही.

‘अर्थ म्हणजे वापर’ एवढंच पाठ करणं

४३व्या परिच्छेदात तो हे पुष्कळशा प्रसंगांपुरतं म्हणतो, सगळ्या नव्हे, असंही तिथंच सांगतो. शिवाय वापर म्हणजे माझी मर्जी नव्हे. ‘नाद खुळा’ कोल्हापुरात कौतुकानं म्हणतात. उद्यापासून मी ते ‘भूक लागली’ या अर्थी म्हणायचं ठरवलं, तर घरातल्या कुणालाही कळणार नाही.

वेदना नसतेच, असा निष्कर्ष काढणं

२९३व्या परिच्छेदातली डबी प्रसिद्ध आहे. प्रत्येकाकडं एक डबी, आतल्या वस्तूला सगळे ‘भुंगा’ म्हणतात, दुसऱ्याच्या डबीत कुणालाच पाहता येत नाही. मग आत काय आहे, काही आहे की नाही, यानं त्या शब्दाच्या वापरात फरक पडत नाही. डबीतली वस्तू म्हणजे इथं वेदना. हे वाचून आमच्यातल्या एकानं पुस्तक मिटलं: “म्हणजे माझ्या पाठदुखीला अर्थच नाही?” त्याची चीड मला रास्त वाटते, कारण सुटं वाचलं तर तसंच वाटतं. पण ३०४व्या परिच्छेदात तो सांगतो की संवेदना ही ‘काहीतरी वस्तू’ नाही, आणि ‘काहीच नाही’ असंही नाही.

डबीपासून सुरुवात करू नका. आधी २४४ वाचा. मूल पडतं, रडतं, आणि मोठी माणसं त्या रडण्याच्या जागी शब्द देतात. आपल्याकडं तर पहिला शब्द ‘आई गं’ असतो. तालमीतलं नवं पोर नुसतं “दुखतंय” म्हणतं. वस्ताद खांदा दाबून विचारतो, “चमक मारती का ठणकतंय?” पोर कळवळतं, हात आखडून घेतं. काही महिन्यांत कळ, उसण, ठणका यांतला फरक ते स्वतःच सांगू लागतं. दुखणं त्याचंच असतं, पण शब्द त्याला मिळाला तो वस्तादाच्या बोटातून, स्वतःच्या कळवळण्यातून.

मग २५८ला या. तिथं एकजण ठरावीक संवेदना आली की वहीत एक खूण करतो, आणि त्या खुणेचा अर्थ फक्त त्यालाच ठाऊक. विचारणारा वस्ताद नाही, आखडलेला हात नाही. आजची संवेदना कालचीच आहे हे त्यानं ताडून कसं पाहायचं? ‘बरोबर वाटतंय’ आणि ‘बरोबर आहे’ यांत तिथं फरकच राहत नाही. एवढं मनात घेऊन २९३वी डबी उघडली, तेव्हा पुस्तक मिटणाऱ्या आमच्या त्याच मित्रानं तो परिच्छेद आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला.