कीबोर्ड निघणारा लॅपटॉप कसा पारखावा

टॅब आणि लॅपटॉप एकातच हवा म्हणून बाहेर पडलं की जो भेटेल तो प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीनबद्दल बोलतो. ते सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यासाठी सल्लागार कशाला हवा? मी भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. भाचरं, शेजारची मुलं, एक निवृत्त मामा यांच्यासाठी अशी डझनभर यंत्रं मी निवडून दिली आहेत. पहिलं मात्र माझं स्वतःचं होतं, खोक्यावरचं वाचून घरबसल्या मागवलेलं. आठ महिन्यांत ते मालिका बघायच्या कामाला लागलं.

मध्यम किंमत म्हणजे इथे 40 ते 70 हजार रुपये धरलेत, कीबोर्ड आणि पेन धरून. हे "धरून" महत्त्वाचं आहे, कारण मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारख्या यंत्रांत कीबोर्ड बहुधा वेगळा घ्यावा लागतो आणि जाहिरातीतली किंमत नुसत्या टॅबची असते.

कागदावरची चाळणी पाच मिनिटांत उरका. रॅम 8 जीबीच्या खाली नको. ती मदरबोर्डला डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून परवडत असेल तर 16 घ्या. विंडोज 11 ची किमान अट 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज आहे, पण त्या अटीवर यंत्र फक्त चालू होतं, काम होत नाही. स्टोरेजच्या जागी ईएमएमसी (स्वस्त, संथ साठवण) लिहिलेलं दिसलं तर पुढे चला, वेगवान एसएसडीच हवी. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारं यंत्र, घेणार असाल तर अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते आधी बघा. एआरएम प्रोसेसरचं (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, मोबाइलसारख्या घडणीचं) विंडोज यंत्र बॅटरीला चांगलं, पण जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन किंवा डोंगलवर चालणारं डीटीपी सॉफ्टवेअर तुमच्या कामात असेल तर घेऊ नका. साधी सॉफ्टवेअरं त्यावर नक्कल करून चालतात, ड्रायव्हर तसे चालत नाहीत. सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीला मी यासाठीच परत पाठवलं होतं.

आता खरं काम. दुकानात जाण्याआधी घरातली मोजपट्टी घ्या आणि तुम्ही जिथे बसून काम करता ते टेबल मोजा. लांबी नव्हे, खोली: पोटाकडच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत.

साध्या लॅपटॉपचं वजन खाली कीबोर्डात असतं. इथे बॅटरी, प्रोसेसर, सगळं स्क्रीनच्या मागे. कीबोर्ड म्हणजे पुठ्ठ्यासारखी पातळ पट्टी, तिच्यावर स्क्रीन उभी राहत नाही. म्हणून मागे टेकू लागतो आणि तो टेकू जागा खातो. बारा-तेरा इंची यंत्राला कीबोर्ड आणि टेकू मिळून पुढून मागे सुमारे 35 सेंटिमीटर लागतात, साध्या लॅपटॉपला बावीसेक पुरतात. माझं पहिलं यंत्र आलं तेव्हा पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी जागा घेतली होती. फळ्यांचे कप्पे, मागच्या कडेला प्लगची पट्टी ठोकलेली. टेकू त्या पट्टीवर चढायचा, स्क्रीन पुढे झुकायची आणि मी दर दहा मिनिटांनी सगळं मागेपुढे सरकवत बसायचे. त्यात कीबोर्डाची वरची कड चुंबकाने उचललेली, खाली पोकळ. जोरात टाइप केलं की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज. दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या कप्प्यातला राज्यसेवेवाला मुलगा म्हणाला, "ताई, जरा हळू." त्याचं बरोबर होतं.

मांडीवरचं गणित आणखी अवघड. माझी उंची पाच फूट. बसल्यावर पोटापासून गुडघ्यापर्यंत जी जागा उरते तिच्यात टेकू जेमतेम मावतो आणि त्याची धातूची कड मांडीत रुतते. मुंबईला जाताना शिवनेरीत दोन तास काम करायचं ठरवून बसले होते. लोणावळ्याच्या आधीच टेकू गुडघ्यावरून घसरला आणि यंत्र पायाशी. फुटलं नाही, नशीब. उंच माणसाला हा त्रास कमी होतो, म्हणून सहा फुटी मित्राने "मस्त आहे" म्हटलं तर ते त्याच्यापुरतं खरं धरा. टेकूऐवजी घट्ट बिजागरी असलेला वजनदार कीबोर्ड काही यंत्रांना मिळतो. मांडीवर काम करणाऱ्यांनी तोच बघावा. वजन वाढतं, वाढू दे.

तेव्हा दुकानात गेलात की, तपकीर गल्लीतलं लहान दुकान असो नाहीतर मोठी शोरूम, स्टूल मागा. नमुन्याचं यंत्र बहुधा तारेने बांधून छातीच्या उंचीवर ठेवलेलं असतं. उभ्याने दोन ओळी टाइप केल्या की सगळीच यंत्रं छान वाटतात. तार सोडायला लावा, बसा, मांडीवर घ्या. विक्रेता चमत्कारिक नजरेने बघेल. बघू द्या.

मग मराठी टायपिंग. हे करून बघा असं मला तेव्हा कोणीच सांगितलं नाही आणि माझा पहिला सौदा बुडाला तो मुख्यतः इथेच. दहा इंची यंत्राच्या कीबोर्डात रुंदी कमी पडते, मग कंपनी बऱ्याचदा उजव्या बाजूच्या कळा अर्ध्या करते. इंग्रजीत तिथे कंस आणि अर्धविराम असतात, कोणाला फरक पडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळरचनेत, तिथेच च, छ, ट, ठ, ड, ढ आहेत. ऑ सगळ्यात कडेला, ृ वरच्या ओळीत बरोबरच्या चिन्हावर. म्हणजे मराठीची निम्मी ठसकेबाज अक्षरं करंगळीएवढ्याही नसलेल्या कळांवर.

त्याहून वाईट उजवी शिफ्ट. अ, आ, इ, ए, ओ हे स्वर इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताखाली येतात, म्हणून शिफ्ट उजव्या हाताने दाबायची सवय असते. काही लहान कीबोर्डांत तिथे वर जाणाऱ्या बाणाची कळ घुसवलेली असते. मी "आणि" टाइप करायला जायचे, तर कर्सर उडून वरच्या ओळीत आणि तिथे कुठल्याशा शब्दाच्या पोटात एक अनाथ काना. चाळीस पानी अहवालात असे काने शोधत बसण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. "सवय होईल हो" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, मी चार महिने वाट पाहिली.

नमुन्याच्या यंत्रात भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायला दोन मिनिटं लागतात. जोडा आणि हे वाक्य पाच वेळा, न बघता टाइप करा: "आमच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये ओट्याखाली छोटी चटई ढकलून ठेवली, इतकंच कृष्णाला आठवतं." अर्थ शोधू नका, अडचणीच्या कळा एका ओळीत याव्यात म्हणून जुळवलंय. पाचव्या वेळीही तीनपेक्षा जास्त चुका होत असतील तर तो कीबोर्ड तुमचा नाही. फोनेटिकवाल्यांची (इंग्रजी स्पेलिंगने मराठी टाइप करणाऱ्यांची) अक्षरं मधल्या कळांवर असतात, त्यांना एवढा त्रास नाही, पण शिफ्ट त्यांनीही तपासावी. मराठी लिहिणाऱ्याने बारा इंचांच्या खाली जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

पेन लागणार असेल तर फूटपट्टी ठेवून अगदी सावकाश एक तिरकी रेघ ओढा. स्वस्त पेनाची रेघ तिथे नागमोडी होते, भरभर लिहिताना हे लक्षात येत नाही. तळहात काचेवर टेकवून चार ओळी लिहा आणि हाताखाली आपोआप ठिपके उमटतात का ते बघा.

स्क्रीन उभी धरून एक ए-फोर पीडीएफ उघडा. तीनास दोन आकाराच्या स्क्रीनवर पान जवळजवळ पूर्ण भरतं, सोळास नऊवर वर-खाली रिकाम्या पट्ट्या राहतात आणि अक्षर बारीक होतं. नोट्स वाचणाऱ्याने ओएलईडीपेक्षा, म्हणजे गडद रंगांच्या महागड्या स्क्रीनपेक्षा, आधी हे बघावं.

कीबोर्ड दहा वेळा काढा, लावा. एकदा जरी ओळखला गेला नाही तर दुसरं यंत्र मागा. पंखा नसलेलं यंत्र एप्रिलच्या उन्हाळ्यात लांब व्हिडिओ कॉलवर संथ होतं, क्लास घेणाऱ्यांनी पंखेवालं घ्यावं. टाइप-सीचे दोन पोर्ट हवेत, एक तर चार्जरच अडवतो.

बिल करताना कीबोर्डचा सिरियल नंबर वेगळा लिहून मागा. माझ्या दुसऱ्या यंत्राचा कीबोर्ड सातव्या महिन्यात मेला तेव्हा दुरुस्ती केंद्रात मला शांतपणे सांगण्यात आलं की बिलावर फक्त टॅबलेट आहे. कीबोर्ड कुठून आणला हे सिद्ध करायला मी खोकं घेऊन दोनदा खेटे घातले, तिसऱ्यांदा गेलेच नाही.